मावशी, बाळूला मारू की वाचवू?

पत्र (जरा कापून देतेय, मूळ साडेतीन पानांचं होतं):

"मावशी, मी शाळेत मराठी शिकवते. गेली दोन वर्षं मुलांसाठी एक कादंबरी लिहितेय, अकरा ते चौदा वयोगट. पुणे, १८९७, प्लेग. सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं कुटुंब, बारा वर्षांची गोदी आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ बाळू. माझ्या पणजीच्या घरातलं एक मूल खरंच प्लेगात गेलं होतं, म्हणून हा विषय. भरपूर वाचन केलं, रँड, टिळक, चापेकर, सावित्रीबाई, हाफकिन सगळे आलेत. पहिली चार प्रकरणं वर्गात वाचून दाखवली तर मुलं जांभया देत होती, एकाने विचारलं, मिस हे परीक्षेला आहे का. आणि घरी माझी लेक, तीही बारा वर्षांचीच, तिने सातव्या प्रकरणात बाळूला ताप येतो तिथे वही मिटली. म्हणाली बाळू मरणार असेल तर मी नाही वाचणार. २०२१ मधे माझे सासरे कोविडमधे गेले, ती त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आता बाळूला वाचवू का? मग इतिहासाशी खोटं होत नाही का? की हा विषयच मुलांचा नाही? — गोंधळलेली आई, सातारा"

अगं बाई,

आधी त्या 'परीक्षेला आहे का' विचारणाऱ्या पोराला माझ्यातर्फे एक चॉकलेट दे. दोन वर्षांचं काम त्याने एका वाक्यात तपासून दिलंय आणि तू त्याच्यावर रुसून बसलीयेस हे तुझ्या अक्षरावरूनच दिसतंय. मी स्वतः लेखिका बिखिका नाही, पण तीस वर्षं एका वाचनालयाच्या बालविभागात बसलेय, कुठलं पुस्तक दुसऱ्या दिवशीच परत येतं आणि कुठलं पुस्तक "हरवलं हो काकू" म्हणून घरीच राहतं हे मला बरोब्बर माहितीये. ऐतिहासिक पुस्तकं बहुतेक दुसऱ्या दिवशी परत येतात. आणि त्याचं कारण इतिहास हे नाहीच, कारण हे की लिहिणारा मोठा माणूस त्याला जे जे माहिती आहे ते सगळं पोराच्या ताटात वाढतो.

तुझा ड्राफ्ट मी वाचला (पीडीएफ जोडलीस म्हणून, नाहीतर नुसत्या पत्रावर मी बोलले नसते). पान ३ वर टिळक, पान ९ वर प्लेग कमिटीचे गोरे अधिकारी रँडसाहेब, पान १४ वर हाफकिन आणि त्यांची प्लेगाची लस, पान २२ वर सावित्रीबाई. गोदी कुठाय? गोदी पान २६ वर पाणी भरायला जाते, तोपर्यंत ती नुसती कोपऱ्यात उभी राहून मोठ्यांचं बोलणं ऐकतेय. आता मला सांग, १८९७ साली बारा वर्षांच्या मुलीला यातलं काय कळत असेल? बारा वर्षांची म्हंजे बहुधा लग्न झालेली किंवा ठरत आलेली, हे तू सोयीस्कर विसरलीयेस ते वेगळंच. तिला ओटीवरचं बोलणं माजघरात अर्धंमुर्धं ऐकू येणार. रँड हे नाव ती कदाचित 'रांड' असं ऐकेल आणि दचकेल, की वडील चारचौघात असा शब्द कसा उच्चारतात! (ही जागा मी तुला फुकट देतेय, वापर. प्रकाशक काय म्हणेल ते तो आणि तू बघून घ्या.)

हाफकिन तर पूर्ण काढून टाक. गोष्ट फार भारी आहे त्यांची, ऑक्टोबर १८९६ मधे मुंबईत येतात काय, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत तीनेक महिन्यांत लस करतात काय, आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतात काय. पण मार्चमधल्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात ती लस फार तर एक अफवा म्हणून येईल, "मुंबईत कुणी एक गोरा डॉक्टर दंडात रोगच टोचतो म्हणे." एवढं एक वाक्य पुरे. पुढच्या एखाद्या साथीच्या वर्षाचं प्रकरण लिहिलंस तर तिथे टोचून घेण्याचा प्रसंग येऊ दे, दंड सुजलेला, ताप भरलेला, आणि आजी म्हणतेय बघा मी सांगत होते.

सावित्रीबाईंचं मात्र मला वाईट वाटलं. त्यांना तू रस्त्यातून जाताना दाखवलंस आणि गोदीच्या आईने लांबून हात जोडले. १८९७ च्या सदाशिव पेठेत? अगं, जरा खरं बोल. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना काढला होता, तिथे त्या आजारी माणसं आणून पोचवायच्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड नावाच्या पोराला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, ते पोर वाचलं आणि त्या स्वतः १० मार्च १८९७ ला प्लेगाने गेल्या. शाळेत शिकवतेस ना, ठाऊकच आहे तुला. आता हे लिहायचं तर त्या मळ्यातल्या पाणी भरणाऱ्या एखाद्या पोराच्या डोळ्यांनी पूर्ण पुस्तक लिही, वेगळं. गोदीच्या पुस्तकात त्यांना दोन ओळींचं दर्शन द्यायला आणू नकोस. आणि हो, प्लेगावरचं आपलं जवळजवळ सगळं लेखन पेठांतल्या वाड्यातच का घडतं हाही प्रश्न स्वतःला विचार. मुंबईत मांडवीला साथ पहिल्यांदा ओळखली ती सप्टेंबर १८९६ मधे, डॉ. व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरांनी. त्यानंतर गिरणीतली माणसं बोचकी उचलून कोकणात, घाटावर पळत सुटली आणि साथही कुणाकुणाबरोबर गेली. त्या पळापळीतलं एक घर घेतलं असतंस तर... जाऊ दे. तुझी पणजी वाड्यातली, तर वाडाच घे.

आता मुद्द्याचं. माझ्या मते तुझ्या गोष्टीत सगळ्यात जबरदस्त वस्तू तू वापरलेलीच नाहीयेस, ती म्हणजे तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. तू गोदीच्या तोंडी "उंदरांवरच्या पिसवांमुळे होतो म्हणे" असं वाक्य घातलंयस. पान ३१. खोड ते आधी! प्लेगाचा जंतू १८९४ ला हाँगकाँगमधे सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे १८९७ मधे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. पिसूचं पहिल्यांदा ठामपणे म्हटलं ते सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी, १८९८ मधे कराचीत प्रयोग करून, आणि तेही लोकांनी लगेच मानलं नाही. १९०५ नंतर परळच्या लॅबमधे पुन्हा प्रयोग झाले तेव्हा कुठे पटलं सगळ्यांना. म्हंजे गोदी वीस-बावीस वर्षांची झाल्यावर, कदाचित तिचीही पोरं झाल्यावर.

आणि हे कळलं की मागचं सगळं कसं उलटं दिसायला लागतं बघ. उंदीर मरतो, थंड पडतो, त्याच्या अंगावरच्या पिसवा उपाशी होऊन दुसरं ऊबदार अंग शोधतात. म्हणजे खरी भीती त्या घराची, घरातल्या मेलेल्या उंदराची. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा होत नाही, फुफ्फुसात गेला तर होतो, तो प्रकार वेगळा आणि फार वाईट. म्हणजे पोराला आईच्या कुशीतून ओढून नेलं त्या ओढण्याने बहुतेक वेळा काहीच साधलं नाही. आणि जे लोक घाबरून, कुणाचं न ऐकता, घर सोडून रानात झोपड्या बांधून राहिले ते बरेचसे वाचले, कारण त्यांनी नकळत उंदीर मागे सोडले. हे गोदीला आयुष्यभर माहीत नसू दे, किंवा म्हातारपणी नातू शाळेतून येऊन सांगेल तेव्हाच कळू दे. तुझ्या वाचणाऱ्या पोरांना मात्र शास्त्राच्या पुस्तकामुळे पिसू माहीत असणारच, ती पोरं पानावर ओरडतील की अगं त्या कोपऱ्यातल्या उंदराला हात लावू नकोस! जांभया देणार नाहीत.

माझी आजी सांगलीकडची. तिच्या लहानपणी प्लेग दर एक-दोन वर्षांनी यायचा, पाहुण्यासारखा. तोपर्यंत लोकांना एवढं कळलेलं की उंदीर पडायला लागले की निघायचं. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द आळीत फिरले की संध्याकाळपर्यंत बैलगाड्या भरल्या जायच्या. आता ऐक, आजी हे सांगताना डोळे पुसायची असं तुला वाटेल. नाही गं, हसायची! कारण माळावरच्या झोपड्यांत तिने आयुष्यातली सगळ्यात मोठी सुट्टी घालवली होती, शाळा नाही, सोवळंओवळं अर्धं सुटलेलं, तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या, सगळी चुलत-मामे भावंडं एकाच चटईवर, रात्री कोल्हेकुई. मग मधेच ती गप्प व्हायची आणि म्हणायची, "परत आलो तेव्हा शेजारच्या घराला कुलूपच होतं." बस, पुढे काही नाही. मरेपर्यंत ती गोधडी झटकल्याशिवाय झोपली नाही आणि अंगणात मेलेला उंदीर दिसला तर आधी आम्हा पोरांना हाकलायची, मग उंदराकडे बघायची. तुझ्या १४० पानांत मुलं एकदाही हसत नाहीत, खेळत नाहीत. आठव की, २०२० च्या त्या पहिल्या महिन्यात तुझी लेकसुद्धा शाळा बंद म्हणून खूश झाली असेल. साथीत पोरं खेळतात, आणि खेळत होतो याचीच त्यांना नंतर लाज वाटते. ते लिही.

आणि खेळावरून आठवलं, लपाछपी. फेब्रुवारी १८९७ मधे तो साथरोगाचा कायदा आला (मार्च २०२० मधे महाराष्ट्रात लावला तोच, हे मुलांना सांगितलंस तर डोळे विस्फारतील), रँडच्या हाताखाली कमिटी नेमली गेली आणि मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत पुण्यात घराघरात शिपाई शिरले. आजारी माणूस सापडला की तो इस्पितळात, बाकीचं घर गावाबाहेरच्या कँपात, सामान बाहेर काढून काही जाळायचं, भिंतींना चुना, जमिनीवर औषध. म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे, माळ्यावर, कोठीत, पांघरुणाच्या ढिगाखाली. आता तुझ्या बाळूला ताप आलाय, काखेत गाठ आलीय, आणि गोदीला सांगितलंय की त्याला घेऊन माळ्यावर बस आणि त्याला बोलू देऊ नकोस. ती त्याला सांगते की आपण लपाछपी खेळतोय. खाली बुटांचा आवाज. पाच वर्षांचं तापलेलं पोर, त्याला वाटतंय खरंच खेळ आहे, त्याला हसू येतंय. अगं हे तुझ्याच ड्राफ्टमधे आहे, सातव्या प्रकरणात अडीच ओळीत, "काही लोक रुग्णांना लपवून ठेवत" म्हणून! अडीच ओळी. त्याचं अख्खं प्रकरण कर, वीस पानं कर, मला चालेल.

शिपायांचं जरा सांभाळून. त्यांनी देवघरात बूट घातले, बायकांची तपासणी केली, वस्तू फोडल्या-नेल्या, लोकांचा संताप खराच होता, त्यातून पुढे २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ते सगळ्यांना माहितीये. पण तू प्रत्येक गोऱ्याला दात विचकायला लावलंयस, आणि बारा वर्षांचं पोर अशा व्हिलनला घाबरत नाही, ते त्याला कार्टून समजतं. तुकडीबरोबर एखादा पुणेकर गृहस्थही असायचा, त्याच्याकडे बघ. तो वडिलांच्या ओळखीचा असेल तर? त्याला माळ्यावर हसू ऐकू आलं आणि त्याने खाली मान घातली तर? किंवा नाही घातली तर? गोळी झाडल्याची बातमी मात्र गोदीच्या घरात रात्री फटाक्यांबरोबर येऊ दे, राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून समारंभ होता त्या दिवशी. कुणी मारलं हे त्या रात्री कुणालाच माहीत नाही. चापेकरांचं नाव तुला घालायचंच असेल तर शेवटी शेवटी, तेही बातमी म्हणून.

भाषेचं पटकन सांगते. "इन्फेक्शन", "लक्षणं", "विलगीकरण" हे शब्द काढ. लोक ताप म्हणायचे, गाठ म्हणायचे, हवा बिघडली म्हणायचे. आणि दुसरीकडे "मातोश्री आपण चिंता करू नये" हेही काढ, असं पाच वर्षांचं पोर कुठल्याही शतकात बोललेलं नाही.

आता बाळू.

मर्जी तुझी, पण विचारलंस म्हणून सांगते, माझ्या मते बाळू जातो. उपाय नव्हता गं काही तेव्हा, जंतू मारणारी औषधं यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती, गाठ आलेल्यांतले निम्म्याहून जास्त जायचे, तेही चार-पाच दिवसांत. काही वाचायचे, हेही खरं, त्यामुळे बाळूला वाचवलंस तर इतिहासाशी खोटं होणार नाही, मुंढव्याचा पांडुरंग वाचलाच की. पण तुझ्या पणजीच्या घरातलं पोर गेलं होतं आणि तू त्याच्यासाठी लिहायला बसलीस. त्याला वाचवलंस तर तुझाच हात अडखळेल, मला वाटतं.

फक्त, कुठे जातो ते बदल. तुझ्या आराखड्यात तो शेवटून दुसऱ्या पानावर जातो आणि शेवटच्या पानावर सूर्य उगवतो. हा दुष्टपणा आहे. वाचणाऱ्या पोराच्या हातात मेलेलं मूल देऊन तू दिवा मालवून निघून जातेस, आणि वर सूर्य! बाळूला पुस्तकाच्या मधे जाऊ दे, निम्म्यात. शेवटचा श्वास वगैरे दाखवू नकोस, गोदीला कँपातून परत आणल्यावर कळू दे, तिला कुणी सांगतही नाही, तिला जेवायच्या पाटांच्या संख्येवरून कळतं. आणि मग उरलेली सत्तर पानं त्याच्याशिवाय जगायला दे तिला. त्याची वाटी कोण वापरणार. आई त्याचं नाव घेत नाही आणि आजी सारखं घेते यावरून भांडण. पाडवा बहुतेक कँपातच गेला असेल, मग गणपतीत काय करायचं. माळ्यावर मी त्याला हसवलं म्हणून तो सापडला का, की मी त्याला लपवलं म्हणून त्याला औषध मिळालं नाही, हा गोदीच्या पोटातला गोळा, जो ती कुणालाच सांगत नाही आणि मग एक दिवस सांगते, कुणाला ते तू ठरव. आणि साथ संपली असं लिहू नकोस, कारण ती संपली नव्हती, त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पुण्यात परत उलटली आणि पुढे कितीतरी वर्षं येत राहिली, खुद्द टिळकांचा थोरला मुलगा १९०३ मधे प्लेगानेच गेला. दुसऱ्या खेपेला मात्र गोदीला काय करायचं ते जरा जास्त माहितीये. एवढा फरक पुरतो.

राहता राहिली तुझी लेक. तुझ्या पत्रात हे शेवटच्या परिच्छेदात होतं, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंस.

तिला वही परत देऊ नकोस. ती तुझी पहिली वाचक नाही, ती तुझी मुलगी आहे, तिच्यावर ड्राफ्ट तपासायची ड्यूटी नको. वर्गात तीस पोरं आहेत, त्यांच्यावर तपास. तिला बाळू मरणार का हे आधीच सांगून टाक, सरळ, हो जातो म्हणून, आणि पुस्तकाच्या बरोब्बर मधे जातो हेही सांग. माझ्या वाचनालयात एक मुलगी यायची, ती प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची, मी एकदा ओरडले तर म्हणाली, काकू मला कोण उरतंय ते बघू दे मग मी वाचते. मी परत कधी ओरडले नाही.

आणि एक विचारू? तुझे सासरे गेले तेव्हा तिला घरातल्या कुणी नीट सांगितलं होतं का? की तिलाही पाटांवरूनच कळलं? पत्रात तू हॉस्पिटलचं लिहिलंस, बिलाचं लिहिलंस, नवऱ्याच्या अवस्थेचं लिहिलंस. लेक तेव्हा कुठे होती, कोणत्या खोलीत, तिला कुणी काय सांगितलं, हे साडेतीन पानांत नाहीये. नऊएक वर्षांची असेल ना तेव्हा. शाळा उघडल्यावर आपणच बाहेरून काहीतरी घेऊन आलो असं वाटलेली पोरं मी चार तरी पाहिलीत, वाचनालयात कोपऱ्यात बसून तासन्‌तास एकच पान उघडून बसायची. तुझ्या लेकीला तसं वाटलं असेलच असं नाही. पण गोदीच्या पोटातला गोळा लिहायच्या आधी एकदा विचार तिला, कादंबरी मधे न आणता. चालता चालता विचार, समोरासमोर बसवून नको. आणि ती काही बोलली तर कृपा करून लगेच वहीत उतरवू नकोस, लेखकांना ती वाईट सवय असते.

पुढचा ड्राफ्ट दिवाळीनंतर पाठव, माळ्याचं प्रकरण आधी. टिळक पान ३ वर परत दिसले तर मी पीडीएफ उघडणार नाही.

— मावशी